अंगठा दाखवा, पेशंट सांभाळा

इंदूरच्या एखाद्या रुग्णालयात रात्रपाळी लागली आहे? स्टेथोस्कोप घरी राहिला तरी चालेल, चार्जर तेवढा विसरू नका; डॉक्टरकी आता व्हॉट्सॲपवर चालते.

ईसीजी निघाला की कागद खाटेच्या कडेला लोंबकळत धरा आणि ट्यूबलाइटच्या चकाकीसकट तिरका फोटो मारा. कागद सरकण्याचा वेग 25 मिमी प्रतिसेकंद की 50, हे कडेला छापलेलं असतं. नेमकी तीच कड कापा. 50 वर काढलेली पट्टी 25 ची समजून वाचली की ठोके निम्मेच भरतात आणि घरी झोपेतून उठवलेल्या सरांना हृदय मंदावल्याचा साक्षात्कार होतो. 1 मिलिव्होल्टला 10 मिमी दाखवणारी चौकोनी खूणही उडवा. मग हार्ट अटॅकमध्ये वर चढणारी ‘एसटी’ रेघ खरंच वर आहे की कागदाला वळी पडली आहे, यावर ग्रुपवर पहाटेपर्यंत चर्चा रंगते. कागद टेबलावर सपाट ठेवायचा, बाराही लीड, म्हणजे हृदयाच्या बारा रेघा, येतील असा बरोबर वरून फोटो घ्यायचा, ॲपने दाबून अस्पष्ट करू नये म्हणून ‘डॉक्युमेंट’ करून पाठवायचा, हे उद्योग रिकामटेकड्यांचे.

एक्स-रेवरचा डावं-उजवं सांगणारा ‘एल’-‘आर’ही फोटोत नको. छातीत नळी घालताना चुकीची बाजू पेशंट स्वतःच सांगेल, शुद्धीवर असला तर.

डोसचं ॲप असताना बाटली कशाला वाचायची? 10 किलोच्या पोराला पॅरासिटॅमॉल किलोमागे 15, म्हणजे 150 मिलिग्रॅम. सिस्टरला हवे असतात मिली. 5 मिलीत 120 वालं सिरप असेल तर सव्वासहा, 250 वालं असेल तर 3. दोन्ही बाटल्या शेजारीशेजारीच असतात.

शहर 2017 पासून स्वच्छतेत पहिलं येतंय. फोनने का ताण घ्यावा? ड्रेसिंग करताना वाजला, तसाच कानाला, तिथून सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात भुट्ट्याच्या किसाशेजारी. कव्हर काढून 70 टक्के अल्कोहोलचा फाया फिरवायला अर्धं मिनिट जातं. एवढ्यात किस निवतो.

गॅलरीत फोटो आपोआप उतरू द्या. गणपतीच्या मोदकांपुढे काकूंचा मधुमेही पाय आला की घरच्यांनाही वैद्यकीय ज्ञान मिळतं.

आणि ऑर्डर लिहीत बसू नका. सिस्टर विचारतात, “सर, साखर घसरून 68 आहे, इन्सुलिन चालू ठेवू की बंद करू?” तुम्ही फक्त अंगठा पाठवा.