आधी गठ्ठा सोडू द्या, मग हातचा शिकवा

शिक्षकांच्या शैक्षणिक साहित्यनिर्मिती स्पर्धेत पहिला नंबर काढणारं साहित्य आणि दुसरीतल्या मुलाला वजाबाकी कळवणारं साहित्य बहुतेक वेळा एक नसतं. स्पर्धेतलं साहित्य लांबून उठून दिसतं, थर्माकोल असतो, चमकी असते. पण ते एकच असतं आणि बाईंच्या हातात असतं. तीस मुलं ते बघतात. दशक असा बघून कळत नाही हो, तो बांधावा लागतो आणि सोडावा लागतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पन्नास प्रकारचं साहित्य प्रत्येकी एक असण्यापेक्षा तीनच प्रकारचं साहित्य सगळ्या मुलांना पुरेल एवढं असावं, आणि ते वर्षभर हातात फिरावं. पहिली-दुसरीला काड्या आणि माळ, चौथी-पाचवीला अपूर्णांकाच्या पट्ट्या.

काड्यांचा हिशोब आधी सांगते. तीस मुलांचा वर्ग असेल तर आठ गट करा, सहा गट चौघांचे आणि दोन तिघांचे. चारपेक्षा मोठा गट केला की पाचवं मूल फक्त बघत बसतं. एका गटाला 110 काड्या द्या, म्हणजे दहा गठ्ठे बांधून वर दहा सुट्ट्या राहतात. आठ गटांना 880 काड्या लागतात. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या सगळ्यात सोयीच्या, कारण त्या एकसारख्या असतात. खराट्याचे हीर फुकट मिळतात, पण ते टोकाकडे निमुळते होतात आणि गठ्ठा ढिला पडून एखादी काडी सुळकन निसटते. हीरच वापरायचे असतील तर बुडाकडचा जाड भाग घ्या आणि सगळे एका मापाचे, साधारण 12 सेंमी कापा.

रबरबँड मार्च-एप्रिलच्या उन्हात चिकट होऊन तुटतात. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या अर्धा सेंटीमीटर रुंदीच्या चकत्या कापा. दहा चपट्या काड्यांवर दोन वेढे घातले की त्या घट्ट बसतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. पंक्चरच्या दुकानात टाकाऊ ट्यूब सहज मिळते.

आता मुख्य गोष्ट. गठ्ठे मुलांनी बांधायचे. आपण घरून बांधून आणले तर शिकवायचा अर्धा भाग आपणच करून टाकला. दहा झाल्या की बांध, एवढा एकच नियम. मग 42 वजा 17 द्या. चार गठ्ठे, दोन सुट्ट्या. सात सुट्ट्या काढायच्या आहेत आणि हातात दोनच आहेत. इथे मूल थांबतं, आणि ते थांबू दे. ‘शेजारून एक उसना घे’ असं लगेच सांगू नका. थोड्या वेळानं कुणीतरी एका गठ्ठ्याचं रबर काढतंच. तीन गठ्ठे, बारा सुट्ट्या. सात गेल्या, पाच उरल्या. एक गठ्ठा गेला, दोन उरले. पंचवीस. हातचा म्हणजे काय ते त्या रबर काढणाऱ्या बोटांना कळलेलं असतं. आकड्यावर तिरपी रेघ मारून वर छोटा आकडा लिहिणं ही त्या कृतीची नोंद आहे, आणि नोंद कृतीच्या मागून यायला हवी.

यात हमखास चुकतं ते गठ्ठ्यातल्या काड्यांमध्ये. कुठे नऊ असतात, कुठे अकरा. मुलानं सगळं बरोबर केलं तरी उत्तर चुकतं, मग त्याचा काड्यांवरचा विश्वास उडतो आणि ते बोटांवर परत जातं. दर शनिवारी सगळे गठ्ठे सोडून, मोजून, पुन्हा बांधायचं काम गटांनाच द्या. दहा मिनिटं लागतात आणि तो मोजणीचा सराव आहेच.

दुसरी चूक क्रमाची आहे. दहा काड्या पुठ्ठ्यावर चिकटवून केलेली दशकपट्टी दिसायला नीटनेटकी असते, पण ती सुटत नाही. ती देऊन दहा सुट्ट्या घ्याव्या लागतात. ज्यानं गठ्ठा स्वतः सोडलेला नाही, त्याला हा दुकानातला व्यवहार वाटतो. खोट्या नोटा-नाणी त्याच्याही पुढची पायरी आहे, कारण दहाची नोट एकच कागद असते, तिच्यात दहा रुपये दिसत नाहीत. आधी सुटणारा गठ्ठा, मग न सुटणारी पट्टी, मग नोटा, मग नुसते आकडे. शाळेतल्या गणित पेटीतलं साहित्य चांगलंच असतं, फक्त तळाशी हाताला लागलं ते आधी काढलं असं होऊ नये.

आपल्या भाषेत हे सगळं जास्तच गरजेचं आहे. आपण पंचवीस म्हणताना पाच आधी उच्चारतो आणि वीस नंतर, लिहिताना मात्र 2 आधी. पंचवीस ऐकून 52 लिहिणारं मूल ढ नसतं, ते कानाला प्रामाणिक असतं. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात जुन्या नावांबरोबर ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. ते पुस्तक करणाऱ्या मंगला नारळीकरांच्या समितीनं हात घातलेली अडचण खरी होती, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. नावं कुठलीही घ्या, ‘पंचवीस’ म्हणताना मुलाच्या डाव्या हाताला दोन गठ्ठे आणि उजव्या हाताला पाच काड्या असल्या की 52 लिहिणं कमी होतं. डावी-उजवी बाजू मात्र कधी बदलू नका, आणि समोरासमोर बसलेल्या गटात ती उलटी दिसते हे विसरू नका. मुलं एका ओळीत, एकाच दिशेला तोंड करून बसवा.

माळ शंभर मण्यांची. दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल. 8 मिमीचे मणी घेतले तर माळ 80 सेंमी होते. दोरा 100 सेंमी ठेवा, म्हणजे मणी सरकायला जागा राहते. ठासून ओवलेली माळ निरुपयोगी. फळ्यावर टांगायला 2 सेंमीचे मणी आणि अडीच मीटर नायलॉनची दोरी लागेल. संख्या दाखवायला कपड्याची क्लिप लावायची, मण्यावर नव्हे तर मण्यानंतर. 37 म्हणजे सदतिसाव्या आणि अडतिसाव्या मण्याच्या मधली फट. क्लिप मण्यावर लावायची सवय लागली की पुढे संख्यारेषेवर मूल हमखास एकानं चुकतं.

या माळेवर ‘एकोण’ फार सुंदर उलगडतं. मुलांना 29 सापडत नाही, वीसच्या घरात शोधायचं की तिसाच्या, असा गोंधळ होतो. तिसाव्या मण्यानंतर क्लिप लावा आणि एक मणी मागे या. ऊन म्हणजे कमी; एक ऊन तीस, म्हणजे एकोणतीस. 19 पासून 89 पर्यंत हे चालतं, 99 ला मात्र नव्व्याण्णव येतं. हा अपवाद मुलांना स्वतः शोधू द्या, त्यांना भारी मजा वाटते.

पट्ट्यांकडे वळू. अपूर्णांक म्हटलं की आपण भाकरी काढतो. अर्धा-पाव सांगायला भाकरी उत्तम, पण तिचे तीन सारखे भाग करायला घ्या, मोठ्या माणसालाही जमत नाहीत. पट्टी घ्या, 24 सेंमी लांब, 3 सेंमी रुंद. 24 का? निम्मे 12, तृतीयांश 8, पाव 6, षष्ठांश 4, अष्टमांश 3, द्वादशांश 2, सगळी मापं पूर्ण येतात. पंचमांश आणि दशांश हवे असतील तर 30 सेंमीचा वेगळा संच करा. पण तो ए-फोर कागदातून करू नका, तो कागद 29.7 सेंमीचाच असतो आणि ते 3 मिमी शेवटच्या तुकड्यात नडतात.

कापताना बहुतेक जण एक तुकडा कापतात आणि तो ठेवून पुढचा आखतात. प्रत्येक तुकडा 1 मिमी कमी पडला तर बारा तुकड्यांत 12 मिमीचा खड्डा पडतो. मग मूल म्हणतं, बारा द्वादशांश म्हणजे एकापेक्षा कमी. त्याच्या डोळ्यांपुढे तसंच दिसतंय ना! सगळ्या खुणा एकाच टोकापासून करा, 2, 4, 6, 8 अशा, आणि मगच कापा. लग्नपत्रिकांचा जाड कागद टिकाऊ असतो, लांबी पुरेशी असेल तर तो वापरा. मागची बाजू कोरी ठेवा. 1/4 छापलेलं दिसलं की मूल वाचतं. कोरा तुकडा दिला की पूर्ण पट्टीवर ठेवून किती वेळा मावतो ते बघतं. 1/3 आणि 1/4 जोडून ठेवले की 14 सेंमी होतात आणि खाली बरोबर सात द्वादशांश बसतात. समच्छेद का करायचा, याला यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

साधं, सुटणारं आणि चूक दाखवणारं साहित्य ही काही नवी कल्पना नाही. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी आसपास मिळणाऱ्या वस्तू आणल्या. 1972 मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबादच्या सोळा शाळांतून सुरू झालेल्या विज्ञान कार्यक्रमात पुढे अरविंद गुप्तांनी आगकाडी आणि सायकलच्या व्हॉल्व ट्यूबचे सांगाडे केले. दीड सेंटीमीटरचे ट्यूबचे तुकडे, गूल खरवडलेल्या लाकडी काड्या (मेणकाड्या वाकतात, त्या नकोत). त्रिकोण दाबला तर हलत नाही, चौकोन दाबला की कलंडतो. पुलाला त्रिकोण का असतात, हे तळहातावर कळतं.

साहित्य कपाटात का राहतं, तर डेडस्टॉक रजिस्टरमुळे, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीमुळे. मोडलं तर निर्लेखन, म्हणजे त्या वहीतून ते रीतसर कमी करणं, कोण करणार, ही भीती खरी आहे, तिला शिक्षकांचा आळस म्हणू नये. काड्या, चकत्या, पुठ्ठा ही झिजणारी वस्तू म्हणूनच धरावी आणि दरवर्षी थोडी नवी आणावी, एवढी मोकळीक आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांनी द्यायला हवी. दुसरी अडचण वेळेची. पस्तीस मिनिटांच्या तासातली दहा वाटपातच जातात. गटागणिक एक कापडी पिशवी, वर गटाचं नाव आणि वस्तूंची संख्या लिहिलेली असली की काम दोन मिनिटांवर येतं. आणि साहित्य नवीन असेल त्या दिवशी पहिली पंधरा मिनिटं नुसतं खेळू द्या. नाहीतर आपण वजाबाकी सांगत असतो आणि काड्यांची घरं उभी राहत असतात.

राहता राहिला प्रश्न, हे बंद कधी करायचं? पुस्तकातला धडा संपला म्हणून नको, आणि कायम कुबडीसारखंही नको. मधे चित्राची पायरी असते: गठ्ठ्याला उभी रेघ, सुट्टीला टिंब. ती महिनाभर चालू द्या. मग पिशवीत मुलांसमोर तीन गठ्ठे आणि चार सुट्ट्या टाका, तोंड बांधा आणि विचारा, यातून आठ काढायच्या आहेत, काय करावं लागेल? पिशवी न उघडता मूल म्हणालं, ‘एक गठ्ठा सोडावा लागेल, मग सहा उरतील आणि दोन गठ्ठे,’ की त्या मुलापुढून पिशवी उचला. शेजारच्याला अजून आत डोकवायचं असेल, तर त्याच्यापुढे ती राहू द्या.