कवींचा सर्व्हे

घरात पंख्याखाली बसून निसर्गावर कविता लिहिणे हा निसर्गाशी केलेला द्रोह आहे, असे आमच्या काव्यमंडळाच्या अध्यक्षांचे ठाम मत आहे, आणि ते मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले असल्यामुळे त्यांचे मत कोणते व हुकूम कोणता, हे ओळखण्याची सोय नसते. म्हणून दरवर्षी बाकीबाब बोरकरांच्या जयंतीच्या, म्हणजे 30 नोव्हेंबरच्या, आगेमागे येणाऱ्या रविवारी फोंडा तालुक्यातल्या एखाद्या कुळागरात, म्हणजे पोफळींच्या बागेत, जमायचे, तोंडे मिटून बसायचे आणि समोर दिसेल त्यावरच लिहायचे, असा दंडक पडला आहे.

गोव्यात मराठी कविता लिहिणाऱ्याची पहिली अडचण खुद्द बाकीबाबच आहेत. 1910 साली जन्मलेल्या या कवीने माड, नदी, चांदणे आणि पाऊस हे सारे मराठीत आणि कोंकणीत, असे दोन्ही हातांनी आधीच उचलून नेले असल्यामुळे आमच्या वाट्याला उरतात ती मिरवेल, पाटाचे पाणी आणि डास. त्यांतल्या डासांवर कोणीही लिहीत नाही, वस्तुतः अनुभूती तीच सर्वांत उत्कट असते.

यंदा पातळ भाजी, पाव आणि मिरची भजी असा भरभक्कम नाश्ता झाल्यावर अध्यक्षांनी एकेकाला एकेका पोफळीखाली बसवले. पोफळीखाली ध्यानस्थ बसणे ही कल्पना ज्यांनी ती दुरून पाहिली आहे त्यांनाच सुचते. वाळलेली झावळी केव्हा सुटेल याचा नेम नसतो, आणि ती पडताना असा धप्पकन आवाज येतो की यमकाची जुळणी तर जातेच, पण आपण अजून शाबूत आहोत की नाही हेही चाचपून पाहावे लागते. माझ्या पाठीशी मिरवेलीवरून तांबड्या मुंग्यांची रांग चालली होती. तिच्यातली एक फुटून वहीवर आली, समासातून सरळ खाली उतरली आणि नुकत्याच लिहिलेल्या ‘शांतता’ या शब्दावरून माझ्या मनगटावर चढून कडकडून चावली. निवृत्त बँक अधिकारी असलेल्या शेजारच्या बाईंनी माझी किंकाळी ‘अनाम पक्ष्याची साद’ म्हणून टिपून घेतली.

इथवर सारे रीतीप्रमाणे होते. त्या दिवशी सुपारी उतरवण्याचे काम चालू असेल, याची मात्र कल्पना नव्हती. हे काम करणारा गडी प्रत्येक झाडासाठी खाली उतरत नाही. शेंड्यावर बसून झाड झुलवतो आणि झोका पुरेसा लांब गेला की शेजारच्या पोफळीला धरून तिकडे जातो. असा वरच्या वर आलेला तो माणूस आमच्या डोक्यावर थबकला. त्याला खाली काय दिसले असेल? टोप्या घातलेली दहा-बारा परकी माणसे, कोणी कोणाशी बोलत नाही, सगळे जमिनीकडे टक लावून पाहतात आणि वहीत काहीतरी लिहितात. त्याने वरूनच विचारले, “भाट विकलें?” म्हणजे, बाग विकली का?

गोव्यात हा प्रश्न थट्टेचा नाही. 1964 चा कूळ कायदा आणि जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणाऱ्यांसाठीचा 1975 चा मुंडकार कायदा यांच्यावर एकेका घराच्या पिढ्या कज्जे चालवत आल्या आहेत, आणि 2011 पर्यंतचा जमीनवापर ठरवणारा प्रादेशिक आराखडा लोकांनी रस्त्यावर उतरून 2007 मध्ये मागे घ्यायला लावला, तेव्हापासून तर जमिनीकडे प्रेमाने पाहणारा माणूस हा एक तर बिल्डर असतो किंवा बिल्डरचा सर्व्हेयर, हे लहान मुलालाही कळते. कविता हे कारण कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही. पाहता पाहता वाड्यावरची माणसे जमली. एका आजींनी माझी वही उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारले, “सर्वे नंबर खंयचो?” भाटकाराची, म्हणजे बागमालकाची, परवानगी अध्यक्षांनी फोनवर रीतसर घेतलेली होती, पण तो पणजीला, आणि कुळागरात रेंज नाही.

तेव्हा आपला निरागसपणा सिद्ध करण्यासाठी एखादी कविता वाचून दाखवावी, असे अध्यक्षांना वाटले. दुर्दैवाने त्यांनी निवड केली ती सरकारी नोकरीमुळे केवळ रविवारी विद्रोह करणाऱ्या आमच्या कवीची. तो पुढे झाला, मूठ वळली आणि कडाडला, “ही माती माझी आहे, हे पाणी माझे आहे...” पुढच्या कडव्यापर्यंत कोणी त्याला जाऊ दिले नाही. आजी मागे वळून मुलाला म्हणाल्या, “पंचाक आपय.”

पंच, म्हणजे पंचायतीचा सदस्य, स्कूटरवरून आला. माणूस समंजस होता. त्याने आरडाओरडा केला नाही, फक्त लेखी मागितले. अध्यक्षांनी वहीचे पान फाडून तिथल्या तिथे, एकही खाडाखोड न करता, मजकूर तयार केला: “आम्ही खाली सह्या करणारे येथे केवळ कविता करण्यासाठी बसलो असून सदर जमिनीत आमचा कोणत्याही प्रकारचा हक्क, हिस्सा अथवा हितसंबंध नाही.” पहिली सही विद्रोही कवीने केली, हुद्द्यासकट. पंचाने कागद दोनदा वाचला आणि सोबत कवितांच्या प्रतीही जोडाव्या लागतील असे सांगितले, तेव्हा ज्यांची एकही ओळ आजवर कुठल्या संपादकाने मागितली नव्हती, त्या बँकेतल्या बाईंनी ‘अनाम पक्ष्याची साद’ सुवाच्य अक्षरात उतरवून काढली आणि फोटोही लागेल का, असे विचारले.