चिठ्ठी म्हणजे जुगार नव्हे

अथेन्सच्या लोकशाहीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: 'मास्तर, क्रमिक पुस्तकातून बाहेर या. इ.स.पू. ५१० हे साल चूक आहे. बायकांना आणि गुलामांना मत नाही, ती कसली लोकशाही? आणि चिठ्ठ्या टाकून अधिकारी नेमायचे, हा तर निव्वळ जुगार.'

साल चुकलं, मान्य. ५१० मध्ये हिप्पियस या हुकूमशहाला हाकललं. तिथली लोकशाही जिथून सुरू झाली असं धरतात, त्या क्लेइस्थेनिस या पुढाऱ्याच्या सुधारणा ५०८-५०७ च्या. दुरुस्ती केली आहे. हेच नीट सांगितलं असतंत तर आभार मानले असते. मास्तर मी होतोच, एकतीस वर्षं. पण तुम्ही तो शब्द ज्या सुरात फेकलात, तो सूर मी वर्गात कुणाला लावू दिला नसता.

आता जुगार. अथेन्सचा कारभार पाहणाऱ्या पाचशेंच्या सभेत नागरिकांच्या दहा गणांतून प्रत्येकी पन्नास माणसं चिठ्ठीने येत. वय तिशीपुढे, मुदत एक वर्ष, आणि जन्मात दोनदाच. पद घेण्याआधी चौकशी, सोडताना हिशेब. दरसाल सहा हजार ज्युरी निवडायचे तेही चिठ्ठीनेच. सेनापती मात्र ते मत देऊनच निवडत, कारण लढाईला कसब लागतं हे त्यांना कळत होतं. ज्या कामाला साधा नागरिक पुरे, तिथे चिठ्ठी. याला जुगार म्हणता? निवडणुकीत नाव असलेला, पैसा असलेला, बोलघेवडा पुढे जातो. म्हणून तर चिठ्ठी लोकशाहीची आणि निवडणूक मूठभरांच्या राज्याची खूण समजली जाते, असं अॅरिस्टॉटल लिहून गेला. तुम्ही एका शब्दात निकाल लावलात.

आणि हे काही फक्त परदेशातलं नाही. आपल्याकडे सरपंचपदाचं आरक्षण सोडतीने ठरतं. २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात दोघांना सारखी मतं पडली, नगरसेवक चिठ्ठीने ठरला. मी स्वतः एका ग्रामपंचायतीच्या मतमोजणीला होतो. दोन उमेदवार बरोबरीत. एका लहान मुलीने डब्यातून चिठ्ठी काढली. हरलेला गृहस्थ माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सर, असं हरल्याचं वाईट वाटत नाही. चिठ्ठीला कुणी पैसे चारलेले नसतात." त्याच वॉर्डात आदल्या रात्री काय काय वाटलं गेलं होतं, ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही किती मतमोजण्यांना बसला आहात?

बायका, गुलाम आणि बाहेरून येऊन राहिलेले लोक यांना मत नव्हतं, हे लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात लिहिलेलंच आहे. तो न वाचता तुम्ही मला तेच शिकवायला निघालात. त्यावर पुन्हा लिहिणार नाही.

वाद जरूर घाला, मला आवडतो. पण यापुढे 'मास्तर' याच सुरात आलं, तर ती प्रतिक्रिया इथे दिसणार नाही.