लोझानोव यांच्या वर्गातले चार तास

एक मजकूर सध्या बराच फिरतोय. रोज वीस मिनिटं डोळे मिटून पडा, मिनिटाला ६० ठोक्यांचं बरोक (सतराव्या-अठराव्या शतकातलं युरोपीय) संगीत लावा, मेंदू ‘अल्फा’त, म्हणजे निवांतपणी उमटणाऱ्या विद्युत लहरींच्या अवस्थेत, गेला की परक्या भाषेचे शब्द आपोआप आत उतरतात, असं त्यात म्हटलंय. बल्गेरियाच्या डॉ. लोझानोव यांनी हे सिद्ध केलं, युनेस्कोनं मान्य केलं, आणि भाषा २५ पट वेगानं, महिन्याभरात येते, असाही दावा आहे. जर्मन-जपानीच्या परीक्षांना बसणारी मुलं हे वाचून क्लास सोडायच्या गोष्टी करतात, म्हणून उत्तर देतेय.

‘२५ पट’ हा आकडा मजकूर लिहिणाऱ्याच्या मनचा नाही. सोफियातले मानसोपचारतज्ज्ञ गेओर्गी लोझानोव यांच्या १९७८च्या इंग्रजी पुस्तकात तो आहे. पण तिथे तो पाठांतराबद्दल आहे. शब्द आठवणं वेगळं आणि समोरच्याच्या प्रश्नाला त्याच क्षणी वाक्य जुळवून उत्तर देणं वेगळं.

वीस मिनिटांचं काय? लोझानोव यांचा वर्ग रोज चार तास, आठवड्यातून सहा दिवस चालायचा. साधारण बारा विद्यार्थी आरामखुर्च्यांत अर्धवर्तुळात बसत. प्रत्येकाला नव्या भाषेतलं नाव आणि व्यवसाय मिळे, म्हणजे चुकलं तर ते नवं पात्र चुकलं, आपण नाही! लांबलचक संवाद शिक्षक संगीताच्या लयीत वाचून दाखवत, छापील संवादाशेजारी मातृभाषेतला अनुवाद असे. आणि मग खरं काम सुरू होई: तोच संवाद मोठ्यानं वाचणं, भूमिका करणं, गाणी, खेळ, प्रश्नोत्तरं. महिन्यात शंभरेक तास. फिरत्या मजकुरानं यातलं संगीत तेवढं ठेवलं आणि बोलणं गाळून टाकलं. माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे.

६० ठोक्यांचा नियमही तसाच. लोझानोव यांच्या पहिल्या वाचनाला मोझार्ट, बीथोव्हन, ब्राम्स असत, म्हणजे चढउतारांचं, भावनांनी भरलेलं संगीत. बरोक दुसऱ्या, शांत वाचनाला. ठोके मोजायचं वेड पसरलं ते मुख्यतः १९७९ साली अमेरिकेत निघालेल्या ‘सुपरलर्निंग’ या पुस्तकामुळे.

अल्फा लहरी तर नुसते डोळे मिटून स्वस्थ बसलं तरी वाढतात. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२९ साली माणसाच्या मेंदूचे विद्युत आलेख प्रसिद्ध केले, जवळजवळ तेव्हापासून हे माहीत आहे. त्यावरून माणूस निवांत आहे एवढं कळतं, तो शिकतोय हे कळत नाही.

युनेस्कोची गोष्ट अर्धी खरी आहे. डिसेंबर १९७८मध्ये सोफियात तज्ज्ञांची बैठक झाली आणि तिनं या पद्धतीबद्दल अनुकूल मत दिलं. पण बैठकीची शिफारस म्हणजे प्रयोगाचा निष्कर्ष नव्हे. पुढे १९८८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीनं अशा ‘वेगवान’ कार्यक्रमांचा आढावा घेतला. त्यांचा जो काही फायदा होतो, तो नेहमीच्या चांगल्या शिकवण्यापलीकडच्या कशामुळे होतो, याचा समितीला फारसा पुरावा सापडला नाही.

मग शिथिलीकरण निरुपयोगी का? मुळीच नाही. परकी भाषा बोलताना येणारी धास्ती खरी असते. एलेन हॉरविट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६मध्ये ती मोजायला ३३ विधानांची प्रश्नावलीच केली. घरी घडाघडा बोलणारी मुलगी तोंडी परीक्षेत नाव सांगतानाही अडखळते. तिनं आत जाण्याआधी दोन मिनिटं संथ श्वास घ्यावा, ती खोली आणि परीक्षक डोळ्यांपुढे आणावेत आणि पहिली दोन वाक्यं त्याच भाषेत पुटपुटावीत.

मनात चित्र उभं करण्याचाही उपयोग होतो. जपानीत मांजराला ‘नेको’ म्हणतात. दुधाच्या वाटीपुढे मान फिरवून ‘नको’ म्हणणारं मांजर एकदा मनात पाहिलं की शब्द चिकटतो. ॲटकिन्सन आणि रॉ या संशोधकांनी १९७५ साली हीच युक्ती १२० रशियन शब्दांवर तपासली. ती वापरणाऱ्यांना ७२ टक्के शब्द आठवले, इतरांना ४६ टक्के. सहा आठवड्यांनी मात्र हेच आकडे ४३ आणि २८ वर आले. उजळणीशिवाय चित्रही पुसट होतं. शिवाय ‘नेको’ला वाक्यात कर्त्याचा ‘गा’ लावायचा की कर्माचा ‘ओ’, हे त्या चित्रात कुठेच नसतं. ते वाक्यं बोलून, चुकून आणि कुणीतरी दुरुस्त केल्यावरच बसतं.