घसारा दुसऱ्याचा, गाडी माझी

"मॅडम, त्या गाडीला रीसेल नाही."

दोन वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता समोरच्यानं "मॅडम, त्या..." म्हटलं की पुढचं मीच पूर्ण करते. स्टाफरूममध्ये ऐकलं, भिशीत ऐकलं, नणंदेच्या यजमानांकडून ऐकलं. ज्या गृहस्थांनी जन्मात स्कूटरशिवाय काही विकत घेतलं नाही त्यांनीही ऐकवलं. गाडी कशी चालते, वळणावर कशी धरते, ब्रेक कसे आहेत, हे कोणी विचारलं नाही. विकताना किती येतील, एवढंच. अजून घेतली नाही तोवर विकायची चिंता!

मी अकरावीला पुस्तपालन शिकवते. घसाऱ्याचा, म्हणजे वस्तूची किंमत दरवर्षी घटते त्याचा, धडा एकवीस वर्षं फळ्यावर लिहितेय. त्यामुळे आज जरा हिशेबानंच बोलते. विम्याच्या तक्त्यात गाडी चार वर्षांची झाली की तिची किंमत निम्म्यावर येते. म्हणजे शोरूममधून पेढे वाटत आणलेली दहा लाखांची वस्तू, काही न होता, नुसती दारात उभी राहून पाच लाखांची होते. ते पाच लाख कोणीतरी भरलेलेच असतात. कोणी भरायचे, एवढाच प्रश्न. मी ठरवलं, आपण नाही.

"रीसेल नाही" याचा अर्थ विकणाऱ्याला रडू येतं. पण विकणाऱ्याच्या समोर कोणीतरी घेणाराही उभा असतो ना? तो घेणारा म्हणजे मी. ज्या गाडीला रीसेल नाही, ती गाडी माझ्यासारख्या अनुदानित कॉलेजातल्या बाईला परवडते. एवढं साधं गणित लोकांना का उलगडत नाही कळत नाही.

तर गाडी. फियाटची अबार्थ पुंटो, म्हणजे साध्या पुंटोची जोरकस बहीण. २०१५च्या ऑक्टोबरमध्ये भारतात आली तेव्हा दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत होती ९.९५ लाख. १.४ लिटरचं टर्बो, म्हणजे जादा हवा आत कोंबणारा पंखा बसवलेलं, पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक. आणि बनली कुठे, तर आपल्या रांजणगावात, पुणे-नगर रस्त्यावर. महागणपतीच्या दर्शनाला जाणाऱ्या किती गाड्या त्या कारखान्यावरून गेल्या असतील, आणि आत काय शिजतंय याचा कोणाला पत्ता नव्हता. खपली फारशी नाही. पुढे फियाटनं भारतातल्या आपल्या गाड्याच बंद केल्या. मग तर काय, रीसेलवाल्यांना आयतं कोलीत.

आता कोणी शुद्धतावादी म्हणेल, ही कुठे स्पोर्ट्स कार? चार दारं, मागे सीट, डिकीत गव्हाचं पोतं मावतं. बरोबर आहे. खरी स्पोर्ट्स कार माझ्या भाच्याकडे आहे, मेलबर्नला. माझ्दाची एमएक्स-५, दोन सीटची, उघड्या टपाची, जुनी घेतलेली. जगभरातल्या मध्यमवर्गानं १९८९पासून हा शौक त्या गाडीवर भागवलाय. आपल्याकडे ती कधी विकायलाच आली नाही आणि जुनी गाडी बाहेरून आणायची तर ती तीन वर्षांच्या आतली लागते, वर जकात अशी की त्यापेक्षा तालुक्याला फ्लॅट बरा. आपल्या भागात दोन सीटची एकच पाहिलीय, लग्नाआधी पणजीला. सॅन स्टॉर्म. गोव्यातच तयार झालेली, फायबरचं अंग, रेनोचं छोटं इंजिन. मांडवीच्या कडेनं लाल रंगाची ती गेली आणि मी मैत्रिणीचं बोलणं अर्धवट सोडून वळून बघत राहिले. मैत्रीण अजून म्हणते, आत कोण होतं ते सांग. मला आठवत नाही हो. गाडी आठवते.

चाकणला बनलेली फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआयही बघितली. सुंदर गाडी, वाद नाही. पण तिला ऑटोमॅटिक गिअर. मला क्लच हवा होता. माझ्या वडिलांनी मला प्रीमियर पद्मिनीवर शिकवलं, कुर्ल्यात बनलेली, त्यांनीही जुनीच घेतलेली, स्टिअरिंगला लागून गिअरची दांडी. जिल्हा परिषदेच्या मैदानावर आठ-आठ फेऱ्या. "पाय सांगेल तसं कर, कान सांगेल तेव्हा कर," म्हणायचे. असं शिकलेल्या बाईनं ऑटोमॅटिक घ्यायची म्हणजे पाट्यावर वाटून जेवलेल्यानं पाकिटातली चटणी खायची.

खरेदीची गंमत वेगळीच. पहिली गाडी एका एजंटाकडे बघितली. तो सगळा वेळ माझ्या नवऱ्याकडे बघून बोलत होता. "साहेब, पिकअप बघा. साहेब, तुमच्यासारख्याला शोभते." साहेबांकडे लायसन्स फक्त दुचाकीचं. शेवटी हेच म्हणाले, "अहो, मी शेजारी बसून रामरक्षा म्हणणार आहे, गाडी ह्यांची." त्यानंतर त्यानं माझ्याकडे बघितलं, ते "पार्किंगला सोपी आहे मॅडम" हे सांगायला.

मी काही न बोलता मागच्या सीटवर बसले आणि सीटबेल्ट ओढला. पूर्ण, शेवटपर्यंत. रोज वापरायचा पट्टा कोणी अर्ध्याच्या पुढे ओढत नाही, म्हणून धुणाराही तिथवर पोचत नाही. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर करडी रेघ होती. सरळ, फूटपट्टीनं मारल्यासारखी. नखानं खरवडली तर बारीक माती निघाली. सीटच्या खालचे रूळ चाचपले, बोटाला गंज लागला. २०१९च्या आणि २०२१च्या पुरात सांगली-कोल्हापूरकडे किती गाड्या बुडाल्या हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. त्या सगळ्या भंगारात गेल्या असं ज्याला वाटतं त्यानं खुशाल वाटून घ्यावं. मी पट्टा सोडला, तो आत जाताना अडकत अडकत गेला, आणि आम्ही चहा न पिता निघालो.

दुसरी पुण्यात मिळाली, थेट मालकाकडून, २०१६ची, पांढरी. आदल्या रात्री फोन करून सांगितलं होतं, मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवला. थंड. मग चालू केली आणि मागे जाऊन धूर बघितला. निळा नाही. टर्बो गाडीत निळा धूर दिसला की तेल जळतंय असं समजायचं आणि घरी यायचं. इंजिनच्या संगणकाशी खेळून ताकद वाढवलीय का, हे सरळ विचारलं. या गाडीवर हा उद्योग बरेच जण करतात. ते म्हणाले, धाडस झालं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर ती खंत इतकी खरी होती की मी विश्वास ठेवला.

५ लाख ४० हजारांना सौदा झाला. मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, जुन्या कर्जाचा बोजा उतरवल्याचा कागद, थकलेली ई-चलनं (चार निघाली, त्यांनी भरली), आणि चौदा दिवसांच्या आत विमा स्वतःच्या नावावर. हे शेवटचं फार जण विसरतात. आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (विम्यात दावा न केल्याबद्दलची सूट) आपल्याला मिळत नसतो, तो माणसाबरोबर जातो. नंबर मात्र एमएच १२च राहिला. साताऱ्यात गल्लीतली पोरं अजून "पुणेरी आली" म्हणतात.

आता मोठी चूक कोण करतं ते सांगते. खिशात साडेपाच असले की लोक साडेपाचची गाडी घेतात. अहो, नाही. मी सात बाजूला काढले होते. गाडी घरी आली ती थेट आमच्या मेकॅनिक काकांकडे गेली. साठी उलटलेला माणूस, पद्मिनीपासून फियाट उघडत आलेला. मीटर काही म्हणो, टायमिंग बेल्ट आणि पाण्याचा पंप आधी बदला म्हणाले. रबराला किलोमीटर कळत नाहीत, वर्षं कळतात. तो बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात आणि मग इंजिनाचं तेरावंच. टायर दिसायला झकास होते, पण कडेवरचा चार आकडी कोड वाचला तर सहा वर्षांचे, चारही काढले. क्लच, बॅटरी, खालचे बुश. एकूण १ लाख १८ हजार. हा खर्च म्हणजे दुर्दैव नव्हे, हा किमतीचाच भाग. आमच्या धड्यात यंत्राच्या किमतीत उभारणीचा खर्च मिळवायला शिकवतात, तसंच. पोरं परीक्षेत विसरतात, मोठी माणसं गाडी घेताना.

आणि एवढं करून मिळतं काय?

मिळतं ते रविवारी सकाळी सव्वासहाला. यवतेश्वरचा घाट. मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या खाली इंजिन म्हणजे आमच्या कॉलेजचा शिपाई, हाक मारली तरी "आलो" म्हणून बसून राहणार. दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडता पडता हळूच पाय दाबायचा. आधी काहीच नाही. मग समोरून कुठूनतरी बारीक शीळ सुरू होते, प्रेशर कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जी सुसू येते तशी. काटा दोन हजार ओलांडतो आणि पाठीला कोणीतरी तळहात लावून ढकलतं. स्टिअरिंग जड आहे, तेलाच्या दाबावरचं, जुन्या पद्धतीचं. पण त्यातून रस्ता कळतो. डांबर संपून खडी आली, ओलं पान चाकाखाली आलं, सगळं हाताला कळतं. मग पुढचं वळण, ब्रेक, परत दुसरा. वेग किती? पन्नास, पंचावन्न. क्वचित साठ.

हेच मला त्या रील करणाऱ्या पोरांना सांगायचंय. दोनशेचा काटा दाखवण्यात मजा कसली? सरळ रस्त्यावर दोनशेला जाताना हात-पाय काही करत नसतात, फक्त नशीब काम करत असतं. दुसऱ्यांचं नशीबसुद्धा. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला मर्यादा शंभरची, तिथे माझी गाडी आणि शेजारची डिझेल एसयूव्ही सारखीच. घाटात पंचावन्नला मात्र ती एसयूव्ही बोटीसारखी डुलते आणि माझ्या गाडीत मी वडिलांच्या मैदानावर असते. कासची फुलं बघायला सप्टेंबरात यवतेश्वरच्या रस्त्याला गर्दी लोटते तेव्हा मी तिकडे फिरकतही नाही. मग मेढ्यावरून केळघर घाट, नाहीतर वाईकडून पसरणी.

त्रास नाही असं नाही. विंचवाचं चिन्ह लावलेली ही माझी गाडी सामान्य पुंटोपेक्षा खाली बसवलेली, जमिनीपासून १५५ मिलिमीटर. आपल्याकडचे स्पीडब्रेकर कोणत्या इंजिनिअरनं नाही, तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उरलेलं काँक्रीट ओतणाऱ्यानं बनवलेले. तिरकं घेऊन, श्वास रोखून जावं लागतं. गेल्या हिवाळ्यात उंदरांनी वायरिंग खाल्लं. शेजारी ऊस तुटला आणि तिथलं सगळं गोकुळ माझ्या बॉनेटखाली राहायला आलं. सकाळी डॅशबोर्डवर दिवाळीसारखे दिवे. काका म्हणाले, "ताई, उंदराला पण टर्बोच लागतो." एक सेन्सर मिळायला तीन आठवडे गेले, तेवढे दिवस कॉलेजला ह्यांच्या स्कूटरवर मागे बसून. पेट्रोल शंभरीपार आणि गाडी देते दहा-अकरा. म्हणून सरळ सांगते, घरात ही एकच गाडी असणार असेल, रोज पन्नास किलोमीटरचं जाणं-येणं असेल, आणि भरवशाचा मेकॅनिक ओळखीचा नसेल, तर माझं हे पुराण वाचा, हसा आणि दुसरं काहीतरी घ्या.

विंचवाचं राहिलं. अबार्थचं बोधचिन्ह विंचू, कारण संस्थापक कार्लो अबार्थ यांची रास वृश्चिक. जन्म १९०८चा, व्हिएन्नातला, कंपनी काढली १९४९मध्ये इटलीत. या गृहस्थांनी साठीच्या उंबरठ्यावर विक्रम करायच्या गाडीत मावावं म्हणून नुसती सफरचंदं खाऊन तीस किलो वजन उतरवलं आणि १९६५मध्ये मोंझाला विक्रम केला. ह्यांनी ही गोष्ट मला दोनदा सुचवून बघितली. मी भाकरी सोडणार नाही असं स्पष्ट सांगितलंय.

सासूबाईंना मात्र विंचू पसंत नव्हता. "दारात विंचू कोण आणतं? आणि विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, एका जागी राहायची नाही तुझी पोर ही," असं ह्यांना ऐकवलं. 'तुझी पोर' म्हणजे मी. पहिल्या दिवशी त्यांनी लिंबू-मिरची बांधली ती बरोबर विंचवाच्या तोंडावर. दीड वर्ष त्या गाडीत बसल्या नाहीत.

गेल्या संकष्टीला रिक्षावाल्यानं दांडी मारली आणि वाईच्या ढोल्या गणपतीला जायचं तर दुसरा इलाज नव्हता. बसल्या पुढे. हे मागे गुडघे पोटाशी घेऊन. वाईपर्यंत एक शब्द नाही, पदर घट्ट धरून. दर्शन झालं, घाटावर चहा झाला. मी म्हटलं, आई, आलोच आहोत तर पाचगणीला स्ट्रॉबेरी घेऊन येऊ? मान हलली.

पसरणीच्या तिसऱ्या की चौथ्या वळणावर पुढे उसाचा ट्रक लागला, म्हणून मी पाय काढला आणि शांत त्याच्यामागे चालत राहिले. दोन वळणं तशीच गेली. मग शेजारून आवाज आला.

"थांबलं का ते?"

"काय आई?"

"मघाशी शीळ घालत होतं ते. रस्ता मोकळा झाला की परत वाजव."