गॅसलाइनला लागलेला धक्का मातीखाली लपवू नका

घोडबंदर रस्त्यालगत आमची सोसायटी आहे आणि तिच्यासमोरचा सेवारस्ता आजवर किती वेळा खोदला गेला, याची मोजदाद मी केव्हाच सोडून दिली आहे. एप्रिलमधल्या एका दुपारी तिथेच जेसीबीचे दात जमिनीतल्या पिवळ्या गॅसवाहिनीवर घासलेले मी स्वतः पाहिले. वाहिनी फुटली नाही, वास आला नाही. काम पाच मिनिटे थांबले आणि मुकादमाने वर माती ओढायला सांगितली. मी जवळच्या गॅसच्या खांबावरचा आपत्कालीन क्रमांक फिरवला. पाऊण तासात गॅस कंपनीची माणसे आली, त्यांनी माती काढून पाहिली, दोन्ही बाजूंनी वाहिनी दाबून वायू अडवला आणि ओरखडलेला तुकडा कापून नवा जोडला. मुकादम मात्र पुन्हा पुन्हा म्हणत होता, "काही झालंच नव्हतं, ताई." त्याला धास्ती होती ती नुकसानभरपाई अंगावर पडण्याची. तेव्हापासून ते वाक्य माझ्या मनातून जात नाही, कारण वाहिन्यांच्या काही मोठ्या दुर्घटनांची सुरुवात नेमकी अशाच क्षणी झालेली आहे.

बेल्जियममधल्या गिस्लेंगिएन येथे ३० जुलै २००४ रोजी जे घडले ते पाहा. एका औद्योगिक वसाहतीत बांधकाम चालू असताना यंत्राने उच्च दाबाच्या गॅसवाहिनीला इजा केली होती. वायू त्या दिवशी बाहेर पडला नाही; कित्येक दिवसांनी वाहिनीतला दाब वाढला, तेव्हा इजा झालेल्या जागीच ती फाटली. गळतीची खबर मिळून अग्निशामक दल पोहोचले होते, पाहणी चालू होती आणि त्याच वेळी स्फोट झाला. २४ माणसे गेली. त्यांत मदतीला धावून आलेले जवानही होते आणि हे वाचताना मला ठाण्याच्या अग्निशमन केंद्रातली मुले डोळ्यांसमोर येतात.

अमेरिकेतल्या बेलिंगहॅमची कथा तर याहून लांबलेली आहे. १९९४ मध्ये पाण्याच्या प्रकल्पासाठी खोदकाम करताना पेट्रोलच्या वाहिनीला धक्का लागला. वाहिनीच्या आतून फिरणाऱ्या तपासणी यंत्राने पुढे तिथे दोष असल्याची खूणही दाखवली, पण ती जागा उकरून पाहिली गेली नाही. १० जून १९९९ रोजी वाहिनी फुटली, सुमारे ९ लाख लिटर पेट्रोल ओढ्यात वाहिले, पेटले आणि दहा वर्षांची दोन मुले व एक अठरा वर्षांचा तरुण दगावला. धक्का आणि मृत्यू यांच्यामध्ये पाच वर्षे होती. एवढ्या काळात ठेकेदार बदलतात, अधिकारी बदलतात, रस्त्यावर नवे डांबर पडते आणि त्या धक्क्याची आठवण असलेला एकही माणूस जागेवर उरत नाही.

अर्थात सगळे अपघात खोदकामाने होत नाहीत. आंध्र प्रदेशातल्या नगरम गावात २७ जून २०१४ च्या पहाटे फुटलेली वाहिनी कोरड्या वायूसाठी होती, तिच्यातून ओलसर वायू वाहिला आणि ती आतून गंजली. वीसपेक्षा जास्त माणसे होरपळून मेली. कॅलिफोर्नियात सॅन ब्रुनो येथे ९ सप्टेंबर २०१० रोजी १९५६ साली टाकलेल्या वाहिनीचा सदोष जोड उसवला. कंपनीच्या नोंदीत तो नळ बिनजोडाचा होता! वायूचा पुरवठा तोडायला ९५ मिनिटे लागली, ८ जीव गेले, ३८ घरे नष्ट झाली. गंज, चुकीची नोंद, दूरवरचा व्हॉल्व्ह: हे कंपन्यांचे आणि नियामकांचे काम आहे. ओरखडा मात्र तुमच्या-माझ्या दारासमोर पडतो आणि तो पाहणारी माणसे तिथे हजर असतात.

आपल्या गल्लीतली पिवळी प्लास्टिकची वाहिनी ४ बारपर्यंतच्या दाबाची असते, तिच्यामागच्या पोलादी वाहिनीत याच्या कित्येक पट दाब असतो. मुंबई हायचा वायू उरणला किनाऱ्यावर येतो, म्हणजे नवी मुंबईच्या बाजूला तर याहूनही मोठ्या वाहिन्या आहेत. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असल्याने तो वर निघून जाईल, असे समजून आपण निर्धास्त राहतो. परंतु वरचा रस्ता डांबर-काँक्रीटने बंद असला की तो वाट मिळेल तसा गटारात, केबलच्या नळीत, तळघरातल्या पार्किंगमध्ये शिरतो. वास यावा म्हणून मिसळलेले रसायनही मातीतून जाताना काही वेळा गाळले जाते. त्यामुळे वास नाही म्हणजे गळती नाही, हा हिशेब चुकीचा आहे.

खोदण्यापूर्वी वाहिनीच्या मालकाला कळवण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आणले. ते चांगलेच आहे. माझी मागणी त्यापुढची आहे. महापालिकेने रस्ता खोदण्याची परवानगी देताना अशी अट घालावी की वाहिनीला नुसता स्पर्श झाला तरी काम थांबवून कळवलेच पाहिजे. जो त्याच तासात कळवेल त्याच्याकडून दुरुस्तीचा खर्च घेऊ नये आणि जो माती ओढेल त्याचा परवाना रद्द व्हावा. काहींना पहिली सवलत पटणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण रोजंदारीवरच्या मुकादमाला कळवणे महाग आणि लपवणे स्वस्त पडत असेल, तर तो लपवणारच. त्याच्या जागी आपण असतो तर वेगळे वागलो असतो, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

या मागणीचा अर्ज मी प्रभाग समितीकडे देणार आहे. एप्रिलमध्ये ज्या खांबावरून मी क्रमांक घेतला, त्याच्यावर आता एका क्लासची जाहिरात चिकटवलेली आहे. घोडबंदर, कळवा, ऐरोली, घणसोली परिसरातल्या सर्वांना विनंती आहे की आपल्या इमारतीसमोरच्या गॅसच्या खांबावरचा क्रमांक वाचता येतो का, ते पाहून जागेच्या खुणेसह खाली लिहावे. ती यादी मी अर्जाला जोडणार आहे.