सूर्य लांब गेला म्हणून मावळत नाही

दहावीतल्या भाचीने ‘पृथ्वी सपाट असल्याचे पुरावे’ नावाचा व्हिडिओ पाठवला आणि विचारलं, “मामा, यात चुकीचं नेमकं काय?” तिच्या अख्ख्या वर्गात तो फिरतोय, म्हणून हे उत्तर.

क्षितिज सरळ दिसतं? दिसणारच. किनाऱ्यावर उभ्या माणसाचं क्षितिज जेमतेम पाच किलोमीटरवर असतं. 6371 किलोमीटर त्रिज्येच्या गोलाचा एवढासा तुकडा वाकडा कुठून दिसणार?

मग म्हणे, 16 किलोमीटरवरच्या वस्तूचा खालचा 20 मीटर भाग झाकला जायला हवा, पण दिसतो. हे गणित डोळा पाण्याला टेकवून केलंय. डोळा 2 मीटर उंचीवर धरला की झाकला जाणारा भाग साडेनऊ मीटरच उरतो. शिवाय पाण्यालगतच्या हवेत प्रकाश वाकतो, त्यामुळे कधीकधी झाकलेलंही दिसतं. तेवढं त्यांचं निरीक्षण खरं, निष्कर्ष नाही.

सगळ्यात संताप येतो तो सूर्यास्ताच्या मुद्द्याचा. सूर्य मावळत नाही म्हणे, सुमारे 5000 किलोमीटर उंचीवरून फिरत लांब जातो आणि दिसेनासा होतो. त्यांच्याच नकाशावर मोजा, म्हणजे उत्तर ध्रुव मध्यभागी असलेल्या सपाट थाळीवर. विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा, विषुववृत्तावर मध्यरात्री सूर्य साधारण 20,000 किलोमीटर दूर असेल. म्हणजे तेव्हाही तो क्षितिजाच्या 14 अंश वर हवा. मध्यरात्री! आणि संध्याकाळी सहाला तो दुपारच्या एक तृतीयांश आकाराचा दिसायला हवा. प्रत्यक्षात सूर्यबिंब दिवसभर अर्ध्या अंशाचंच राहतं आणि मावळताना खालच्या कडेपासून कापलं जातं. सौर फिल्टर लावून, झूम न हलवता दुपारी आणि संध्याकाळी फोटो काढले की कुणालाही पडताळता येतं.

त्यांच्या नकाशात अंटार्क्टिका म्हणजे थाळीच्या कडेची बर्फाची भिंत. तिथे चोवीस तास सूर्य दिसणं अशक्य, असं हेच लोक वर्षानुवर्षं सांगत होते. डिसेंबर 2024 मध्ये त्यांच्यातलेच काही यूट्यूबर तिथे युनियन ग्लेशियर या हिमनदीवर गेले. सूर्य न मावळता आकाशात गोल फिरला. सपाट पृथ्वीचे नावाजलेले प्रचारक जेरन कॅम्पानेला यांनी तो चोवीस तास दिसतो हे कॅमेऱ्यासमोर कबूल केलं. व्हिडिओत याचा उल्लेखही नाही.

राहिला ‘नासाचे फोटो बनावट’ हा मुद्दा. वरच्या एकाही गोष्टीसाठी नासाचा फोटो लागलेला नाही.